वाड्याचे छायाचित्र आणि वाड्याचे शब्द

तुकोबांच्या चरित्रपरंपरेत देहूच्या एका बागेची हकीकत येते. विठ्ठलमंदिराशेजारी मंबाजी गोसाव्याने बाग केली होती व तिला काटेरी कुंपण घातले होते. तुकोबांची म्हैस कुंपण मोडून बागेत शिरली. पुढे एकादशीच्या दिवशी प्रदक्षिणेच्या वाटेत आलेल्या काट्या तुकोबांनी बाजूला केल्या आणि त्याच काट्यांनी मंबाजीने त्यांना मारले. महिपतीने अठराव्या शतकात ही कथा सविस्तर सांगितली व पुढे ती सर्वतोमुखी झाली. तिच्यातील भक्तिरसाचा विचार येथे प्रस्तुत नाही. इतिहासाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट इतकीच, की त्या बागेत कोणती झाडे होती, पाणी कोठून येई, ती किती मोठी होती, यांविषयी कथा मूक आहे. ती बोलते ती कुंपणाविषयी. बाग म्हणजे काय, तर कुंपण घातलेली जागा, ही समजूत कथेच्या मुळाशी गृहीत धरलेली आहे.

मराठी भाषेच्या इतिहासातही हीच समजूत दडलेली आहे. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण किंवा कुंपणाने वेढलेली जागा. त्यापासून प्राकृतमार्गे मराठीत 'वाडा' आला. 'वाटिका' म्हणजे बाग; तिच्यापासून 'वाडी' आली. कोकणात नारळी-पोफळीच्या बागेला आजही वाडी म्हणतात. देशावर वाडी म्हणजे लहान वस्ती, जसे इंद्रायणीपलीकडील येलवाडी. 'फुलवाडी' या शब्दात जुना अर्थ दोन्हींकडे शिल्लक आहे. मोल्सवर्थच्या कोशात 'वाडा' या शब्दाखाली मोठे घर, गावातील एखाद्या जातीची वा धंद्याची आळी, कोकणातील वस्ती, आवार आणि गुरांचे कोंडण असे अर्थ दिले आहेत. गुरांच्या कोंडणापासून पेशव्यांच्या राजगृहापर्यंत एकच शब्द चालतो याचे कारण उघड आहे. वाडा हे नाव मुळात इमारतीचे नव्हे, आवाराचे आहे. घर आणि बाग या दोन वस्तू मराठीने एकाच वेढ्यातून काढल्या आहेत.

हा व्युत्पत्तीचा तपशील छायाचित्रणाच्या इतिहासाशी जोडून पाहण्याचे कारण असे. गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत महाराष्ट्रातील जुन्या घरांची व बागांची छायाचित्रे लेण्यांच्या व देवळांच्या मानाने फारच थोडी निघाली. याचा दोष बहुधा काळाला किंवा अनास्थेला दिला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. ज्या वर्षांत कॅमेरा या प्रांतात आला, त्याच वर्षांत मराठी शब्दांचीही मोठी नोंद होत होती. त्या शब्दनोंदीत घराला जागा मिळाली, छायाचित्रांच्या नोंदीत मिळाली नाही. असे का झाले, आणि त्यामुळे आजच्या अभ्यासकाच्या हाती काय उरले, हा खरा प्रश्न आहे.

दाग्येरची कृती पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली. फ्रान्समध्ये स्मारकांची देखरेख करणाऱ्या मंडळाने १८५१ मध्ये पाच छायाचित्रकारांना देशभर पाठवून जुन्या वास्तूंची चित्रे घेवविली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रण मंडळी स्थापन झाली; तीत डॉ. भाऊ दाजी होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः नामांकित छायाचित्रकार होते. १८५५ मध्ये मुंबई सरकारने तोफखान्यातील कॅप्टन टॉमस बिग्ज याची प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामी नेमणूक केली, त्याच्यामागून डॉ. पिगू आणि डॉ. नील यांनी ते काम चालविले. विजापूर, बदामी, ऐहोळे, धारवाड प्रांतातील देवळे हे या तिघांचे क्षेत्र. त्यांची चित्रे १८६६ साली लंडनच्या जॉन मरी यांनी मोठ्या ग्रंथांच्या रूपाने प्रसिद्ध केली; मेडोज टेलर व फर्ग्युसन यांनी मजकूर लिहिला आणि खर्चाचा मोठा वाटा कापसाच्या तेजीत श्रीमंत झालेल्या मुंबईच्या व्यापाऱ्यांनी उचलला. अजिंठा-वेरूळची चित्रे मेजर गिल याने घेतली व ती १८६४ मध्ये ग्रंथरूपाने आली. पुढे बर्जेस व कझिन्स यांनी पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्वखात्यात तीच परंपरा चालू ठेवली. कझिन्सचे उत्तरायुष्यातील मोठे ग्रंथ पाहिले तरी विषय तेच आहेत: विजापूरच्या इमारती (१९१६), चालुक्यांची वास्तुकला (१९२६), दख्खनची मध्ययुगीन देवळे (१९३१). लेणे, देऊळ, मशीद, थडगे. घर त्यांत नाही.

याला एक कारण तांत्रिक होते व ते कमी लेखता येणार नाही. १८५१ नंतर प्रचारात आलेल्या कलोडियनच्या कृतीत काच ओली असतानाच चित्र घेऊन ते लगेच धुवावे लागे. उन्हाळ्यात ती काच काही मिनिटांतच वाळे. छायाचित्रकाराबरोबर काळोखा तंबू, रसायनांच्या बाटल्या व पाण्याचे भांडे ही सामग्री सतत हिंडे. उघड्या माळावरच्या देवळापुढे हे सारे मांडणे शक्य होते. वाडा मात्र गल्लीत असतो. समोर दहा-पंधरा पावलांचे अंतर मिळत नाही, आणि मिळाले तरी समोर दिसते ती बहुधा एक उंच, जवळजवळ कोरी भिंत, तळाला दगडी जोते आणि मध्ये दरवाजा. वाड्याचे तोंड आत, चौकाकडे असते. चौकात ऊन पडते, पण ओसरीच्या आत अंधार. उजेड आणि काळोख यांतील इतके अंतर त्या काळच्या काचेला एका वेळी पेलत नसे. माजघरासारख्या खोलीचे चित्र घ्यावयाचे तर काच मिनिटेच्या मिनिटे उघडी ठेवावी लागे. मॅग्नेशियमच्या पुडीचा झगमगाट १८८७ नंतर हाती आला. तोवर पुण्यातील कितीतरी वाडे जमीनदोस्त झाले होते.

दुसरे कारण दृष्टीचे. युरोपीय प्रेक्षक घराकडे समोरून पाहण्यास सरावलेला होता. इंग्रज जमीनदाराचे घर हिरवळीच्या टोकाशी उभे असते. बाग त्याच्या पुढे पसरलेली असते आणि दोन्ही मिळून एक देखावा होतो. १८९७ साली निघालेल्या 'कंट्री लाइफ' या साप्ताहिकाने या देखाव्यालाच एक छायाचित्रप्रकार बनविले. वाड्याला असा देखावा नाही. त्याची बाग वेढ्याच्या आत, चौकातल्या तुळशीवृंदावनाभोवती किंवा परसात आडाशेजारी असते. वेढ्याबाहेर उभे राहून जो वाडा पाहील त्याला वाडा दिसणारच नाही, असे व्युत्पत्तीच्या भाषेत म्हणता येईल.

मात्र या विधानाला एक मर्यादा घातली पाहिजे. उत्तर पेशवाईत दर्शनी बाजू सजविण्याची हौस वाढली होती. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधविलेला विश्रामबागवाडा रस्त्याकडे तोंड करून उभा आहे. सुरूच्या आकाराचे खांब, केळफुलाची बोंडे आणि पुढे आलेला लाकडी सज्जा हे सारे पाहणाऱ्यासाठीच घडविले आहे. हा वाडा वारंवार छायाचित्रांत आला याचे कारण हेच. परंतु तो अपवाद म्हणूनच वाचावा. त्याच्यावरून सर्व वाड्यांची कल्पना करणे म्हणजे दरबारी पोशाखावरून कुणब्याच्या अंगरख्याची कल्पना करण्यासारखे आहे.

विश्रामबागवाड्याचे आणखी एक महत्त्व भाषेच्या अभ्यासकास विसरता येणार नाही. पेशवाई गेल्यानंतर १८२१ साली दक्षिणेच्या निधीतून याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. आजच्या डेक्कन कॉलेजची मुळे तिच्यापर्यंत जातात. त्या पाठशाळेचा पुढील काळातील अधीक्षक मेजर टॉमस कँडी हा मोल्सवर्थचा सहकारी होता. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, त्याने आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश कँडीने पुरा करून १८४७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि मराठी-इंग्रजी कोशाची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये बाहेर पडली. बिग्ज आणि पिगू विजापूरच्या घुमटांसमोर तंबू ठोकत होते त्याच वर्षांतली ही गोष्ट. कॅमेरा घराच्या दाराशी थांबला असताना कोशकार ओसरीवर बसून शब्द टिपत होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्या शब्दांचे मोल पुढे आगींनी सिद्ध केले. शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला व वास्तुशांत १७३२ मध्ये झाली. फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेल्या आगीत आतील सर्व लाकडी इमारत जळून गेली. छायाचित्रणाची कृती जाहीर होण्याआधी अकरा वर्षे! त्यामुळे कॅमेऱ्याला जो शनिवारवाडा मिळाला तो तट, बुरूज आणि दिल्ली दरवाजा एवढाच होता. गणेश रंगमहालाचे जे प्रसिद्ध चित्र आहे ते टॉमस डॅनियल याने १८०५ मध्ये लंडनमध्ये पुरे केले. त्याने दरबाराचा प्रसंग पाहिला नव्हता; पुण्यास राहून गेलेला व १७९५ मध्ये वारलेला जेम्स वेल्स याच्या रेखाटनांवर त्याची भिस्त होती. अर्थात ज्या महालाविषयी इतके लिहिले जाते, त्याचे रूप दुसऱ्या हाताने आलेले आहे. १९२० च्या सुमारास झालेल्या उत्खननात जोती, हौद आणि कारंज्यांच्या जागा उघड्या पडल्या, तेव्हा कोणते जोते कोणत्या महालाचे हे ठरविण्यास चित्रांपेक्षा कागदपत्रांतील नावेच अधिक उपयोगी होती. मे १८७९ मध्ये बुधवारवाडा जळाला आणि विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडील भाग त्याच आगीत गेला. या वेळी छायाचित्रण येऊन पंचवीस वर्षे झाली होती. तरी बुधवारवाड्याच्या अंतर्भागाची खोलीवार नोंद कोणी करून ठेवली नव्हती. तो वाडा प्राचीन नव्हता, त्यात शाळा आणि कचेऱ्या भरत होत्या. वापरातील घर हे स्मारक होय, ही कल्पनाच तेव्हा नव्हती.

नकलांवरही फार विसंबता येत नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे. मेजर गिलने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या केलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या.

आता शब्दांकडे वळावे. जुन्या वाड्यात बाहेरून आत जाताना जी नावे भेटतात त्यांचा क्रम मोठा बोधप्रद आहे. दरवाज्यावर नगारखाना; आत सदर, दिवाणखाना, खलबतखाना, जामदारखाना. हे शब्द फारसीतून आणि फारसीमार्गे अरबीतून आलेले. त्यापलीकडे चौक, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली. 'चौक' हा संस्कृत 'चतुष्क', 'माजघर' म्हणजे मधले घर, 'मध्य' पासून 'मज्झ' व त्यापासून 'माज'. राज्यकारभाराची भाषा जेथवर पोचली तेथवर फारसी नावे, आणि जेथे बायकामुले व देव तेथे घरची नावे, अशी ही सीमारेषा आहे. तिला सुंदर अपवाद 'मुदपाकखाना' हा. अरबी 'मत्बख' म्हणजे स्वयंपाकाची जागा. तिला फारसी 'खाना' जोडून श्रीमंतांच्या घरी तो शब्द आला, आणि बोलणाऱ्यांनी त्यात आपला 'पाक' ऐकून त्याला घरचा करून टाकले.

छायाचित्रकाराचा प्रवेश सामान्यतः याच सीमारेषेपर्यंत होता. सदरेवर बसलेले यजमान, दिवाणखान्यातील हंड्या-झुंबरे, दारातील पहारेकरी यांची चित्रे निघाली. माजघराची निघाली नाहीत. त्यात उजेडाचा प्रश्न होता तितकाच रीतीचाही होता. शिवाय जी चित्रे निघाली त्यांखालची नावे इंग्रजीत पडली. ओसरी, सोपा, पडवी, देवडी आणि सज्जा या पाच वेगळ्या जागा आहेत. प्रत्येकीची उंची, छप्पर, आणि तेथे कोणी बसावे याचा शिरस्ता वेगळा. इंग्रजीत या पाचांनाही 'व्हरांडा' म्हणून वाट लावता येते, आणि एकदा ती लागली की चित्र पाहणाऱ्यास तेथे पाहुणा बसे की गडी, हे कळण्याचा मार्ग बंद होतो.

याच्या उलट एक शब्द असा आहे, की तो हाती असल्यास साधे छायाचित्रही दस्तऐवजाचे काम करते. तो शब्द 'खण'. दोन खांबांमधील किंवा दोन तुळयांमधील जागा म्हणजे खण. चोळीचा खण आणि पेटीचा खण हेही याच कल्पनेचे विस्तार असावेत. जुन्या कागदांत घराचे मान खणांत सांगितलेले असते: पाच खणी सोपा, सात खणी माडी. लांबी-रुंदीचे माप गज आणि तसूंत, चोवीस तसूंचा गज. छायाचित्रात गज मोजता येत नाहीत, परंतु खांब मोजता येतात. वाटणीपत्रात सात खणांचा सोपा आणि चित्रात पाचच खण दिसत असतील, तर दोन खण भावाच्या वाट्यास जाऊन मध्ये भिंत पडली, असे अनुमान करण्यास जागा होते. मग त्या भिंतीची वीट आणि तुळईचे तोडलेले टोक चित्रात शोधावयाचे. घराण्याचा इतिहास येथे लाकडात वाचता येतो. शब्दाशिवाय हे चित्र केवळ एका जुन्या सोप्याचे राहते, आणि चित्राशिवाय तो कागद नुसती वाटणी सांगतो.

बागांच्या बाबतीत शब्दांवरचा भार आणखी वाढतो, कारण बाग इमारतीहून लवकर मरते. पुण्यातील बागांची नावे घेतली तरी हे ध्यानात येते. तुळशीबाग म्हणजे आज नारो आप्पाजींनी १७६१ मध्ये आरंभिलेले राममंदिर व त्याभोवतीचा बाजार. बेलबाग म्हणजे नाना फडणिसांनी बांधलेले विष्णुमंदिर. विश्रामबाग म्हणजे वाडा. रमणबाग म्हणजे शाळा. झाडे गेली, 'बाग' हा फारसी शब्द मात्र मराठीत स्थलनामाचा प्रत्यय होऊन बसला. सारसबागेचा प्रवास तर उलटा आहे. तेथे पेशवाईत तळे होते व मधल्या बेटावर १७८४ मध्ये गणपतीची स्थापना झाली. विसाव्या शतकात तळे बुजून तेथे खरोखरीची बाग झाली. लोक अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतात. स्थलनामांचा पुरावा हा असा जुनी पाने सांभाळून ठेवणारा असतो. कोठे तुळस होती, कोठे बेल होता, कोठे पाणी होते, हे कोणत्याही छायाचित्राने नव्हे तर रस्त्यावरच्या बोलण्याने टिकविले.

विसाव्या शतकात परिस्थिती काहीशी पालटली. साताऱ्याच्या दत्तात्रेय बळवंत पारसनिसांनी 'इतिहाससंग्रह' मासिकातून कागद आणि १९२१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथातून जुन्या पुण्याच्या हकीकती व चित्रे एकत्र आणण्याचा मार्ग दाखविला. नाना फडणिसांचे मेणवलीचे दप्तर त्यांच्या हाती होते. कृष्णेच्या घाटावरील नानांचा मेणवलीचा वाडा, आतील भित्तिचित्रांसह, आजही उभा आहे. दप्तर आणि वाडा दोन्ही वाचल्याचे असे उदाहरण विरळा. बाहेरच्या देशांत तोपर्यंत पद्धतही निश्चित होत गेली होती. अमेरिकेत १९३३ साली सुरू झालेल्या ऐतिहासिक इमारतींच्या पाहणीत मोजून काढलेला नकाशा, छायाचित्र आणि लेखी वृत्तांत ही तिन्ही अंगे आवश्यक मानली गेली. इंग्लंडने दुसऱ्या महायुद्धात बाँबच्या भीतीने घरांची राष्ट्रीय नोंद हाती घेतली. पुण्याला अशी पूर्वसूचना मिळाली नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील जुने वाडे पाण्यात बसले. त्या दिवसांत वृत्तपत्रांनी पुष्कळ छायाचित्रे घेतली. भिंती पडल्यामुळे माजघरे रस्त्यावरून दिसू लागली होती. शंभर वर्षे ज्या दाराशी कॅमेरा थांबला होता ते दारच उरले नव्हते.

देहू परिसराची कथा पुराची नाही, कारखान्यांची आहे. १९५४ मध्ये पिंपरीस प्रतिजैविकांचा सरकारी कारखाना उभा राहिला, पुढील दशकांत औद्योगिक वसाहत चाकणपर्यंत पसरली आणि जमिनीला भाव आला. वाड्याचा वेढा म्हणजे मोकळी जागा, व मोकळी जागा म्हणजे पैसा, हे समीकरण जुन्या आवारांच्या मुळावर आले. तरी इंद्रायणीकाठी दाभाड्यांची इंदोरीची गढी, चिंचवडास देवांचा मंगलमूर्तीवाडा, चापेकर बंधूंचे घर आणि खुद्द देहूत इनामदारवाडा, अशा वास्तू व त्यांची नावे या पट्ट्यात शिल्लक आहेत.

यांपैकी इनामदारवाड्याचे छायाचित्र दरवर्षी असंख्य वेळा घेतले जाते. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखीचा प्रघात पाडला. ज्येष्ठ वद्य सप्तमीस पालखी मुख्य मंदिरातून निघते व पहिला मुक्काम गावातच, तुकोबांचे आजोळघर मानल्या जाणाऱ्या या वाड्यात करते. त्या चित्रांत पालखी असते, पताका असतात, टाळ-मृदंग आणि गर्दी असते; वाडा पाठीमागे कोठेतरी, एखादा खांब, एखादी तुळई, दाराची चौकट एवढाच येतो. तथापि एकाच जागेची इतकी वर्षांची इतकी चित्रे क्वचितच मिळतात. ती सालवार लावली, खांब मोजले, कोणत्या वर्षी कोणती भिंत नवी झाली हे टिपले, आणि त्या घरातील वृद्ध स्त्रियांना प्रत्येक जागेचे नाव विचारून चित्रामागे लिहिले, तर देहूच्या एका घराचा असा वृत्तांत तयार होईल जो पुण्याच्या बुधवारवाड्याला लाभला नाही. वाड्याचा मालक कोण, तो कधी बांधला, हे प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात; 'या जागेला तुम्ही काय म्हणता' हा प्रश्न मात्र अजून विचारावयाचा आहे, आणि त्याचे उत्तर देणारी पिढी वयाने थकली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी आकुर्डीच्या वाटेला लागते. चौक रिकामा होतो, सोप्यातील सामान पुन्हा जागच्या जागी जाते, आणि छायाचित्रकारही पालखीबरोबर निघून जातात.